बांधावरची बाभूळ: जळणाला देऊ नका, पण डायनिंग टेबलही नको

वादळात पडलेल्या बाभळीचं डायनिंग टेबल करायचंय, मिस्त्री नको म्हणतोय आणि व्यापारी जळणाचा भाव देतोय, असं तुम्ही विचारलंय. व्यापाऱ्याला सरळ नाही सांगा. मिस्त्रीचं म्हणणं मात्र निम्मं बरोबर आहे.

आधी ती गावठी बाभूळच आहे ना, बघा. पिवळी गोल फुलं, लांब पांढरे काटे आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगा म्हणजे गावठी. वेडी बाभूळ वेगळी.

हे लाकूड वाळल्यावरही घनफुटाला साधारण 22 किलो भरतं, साग 18 च्या आसपास. त्यात रेषा उलटसुलट. रंधा एका बाजूने गुळगुळीत चालतो आणि वीतभर पुढे गेला की कपचे उपटतो. पात्याची धारही लवकर जाते. मोठ्या टेबलाच्या फळ्या सपाट करताना मिस्त्री वैतागणारच, आणि टेबल हलवायला चार माणसं लागतील ते वेगळंच! पण याच आडव्यातिडव्या रेषांमुळे बाभूळ मार खाऊनही सहजी चिरत नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, नांगर, मुसळ, तेलाचा घाणा यांना बाभूळ लावत आले ते म्हणूनच. कुदळ-कुऱ्हाडीच्या दांड्याला मी तरी सागाचा विचारही करणार नाही. तुम्ही दांडे, मोगरी, बाकाचे पाय, जाड बुटकं स्टूल असलं काहीतरी काढा.

घाई एकाच गोष्टीची करा: साल आजच सोलून काढा. बाहेरच्या पांढऱ्या भागात स्टार्च असतो, त्यावर भुंगा तुटून पडतो आणि काही महिन्यांत त्याचं पीठ करतो. आतला तांबूस गाभा टिकाऊ, तो वर्षागणिक काळपट होत जातो. जुने लोक ओंडके विहिरीत किंवा तळ्यात काही आठवडे बुडवून ठेवत, तो स्टार्च निघून जावा म्हणून. सोय असेल तर जरूर करा.

चिरकाम लाकूड ओलं असतानाच उरकून घ्या, वाळल्यावर करवत रडते. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकं तडकतात. मग सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा. इंचभर जाडीला वर्षभर धरून चाला.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या, आधी ड्रिलने भोक पाडून. साधं लोखंड ओल लागली की लाकडातल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) भोवती काळा डाग सोडतं. वर जवसाचं तेल पुरे. पातळ वाकड्या फांद्या तेवढ्या व्यापाऱ्याला द्या.