लेन्स चांगली आहे, गाठ दोऱ्याला मारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी (संक्रांतीतली सिद्धेश्वर यात्रा) बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घातलीत, घरी ट्रायपॉड लावून १० सेकंदांच्या टायमरवर स्वतःचा जवळून चेहरा टिपलात, क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स, एफ/१.८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), अंतर साधारण ६० सेंमी. चाळीस फोटोंत एकातही डोळे शार्प नाहीत, तर लेन्स बदलावी का?

बदलू नका. तुम्ही दिलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कपाळावरच्या विभूतीचा कण न् कण दिसतोय, पापण्या मात्र धुरकट. विभूती इतकी स्वच्छ टिपणारी लेन्स खराब कशी असेल? मान किंचित खाली होती, त्यामुळे कपाळ पुढे आलं आणि फोकस तिथे बसला. डोळे दीड-दोन सेंमी मागे राहिले, एवढंच झालंय.

आता हे दीड-दोन सेंमी इतके महागात का पडतात ते बघा. तुमच्या जुळणीत ६० सेंमीवर एफ/१.८ ठेवलं तर जेमतेम १ सेंमी खोलीचा भाग शार्प येतो. आणखी पुढे सरकून ४५ सेंमीवर आलात तर अर्धा सेंमीच उरतो. माणूस श्वास घेताना याहून जास्त हलतो. एफ/५.६ केलं की तीन सेंमीच्या आसपास मिळतात, एफ/८ ला चारच्या आसपास. चेहऱ्याच्या क्लोज-अपला मी एफ/५.६ च्या खाली जात नाही. मागचं धूसर हवं असेल तर भिंतीपासून दोन मीटर पुढे बसा, तेवढ्यानं काम होतं.

पण खरी गोम टायमरमध्ये आहे. बहुतेक डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) बटण दाबता त्याच क्षणी फोकस धरतात, फोटो निघताना नाही. तेव्हा तुम्ही कॅमेऱ्यामागे असता आणि खुर्ची रिकामी असते. मी सुरुवातीला मागे आपली सोलापुरी चादर टांगून बसायचो. जॅकार्ड विणीची ठसठशीत नक्षी, कॅमेऱ्याला पकडायला याहून सोपं काय? प्रत्येक फोटोत चादरीचा धागा न् धागा शार्प आणि पुढे मी पुसट. एका दुकानात लेन्स दुरुस्तीला टाका असा सल्ला मिळाला, तो ऐकला असता तर पैसे वाया गेले असते.

माझा उपाय सुताच्या दोऱ्याचा आहे, आणि दोऱ्याला आपल्या गावात तोटा नाही. ट्रायपॉडच्या डोक्याला एक टोक बांधा. खुर्चीत बसून दोरा ताणा आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा जिथे येतो तिथे गाठ मारा. मग एका काठीला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा, काठी खुर्चीत उभी करा आणि तो कागद बरोबर गाठीपाशी आणा. बारीक छापील अक्षरांवर फोकस पटकन बसतो. बसला की लेन्सवरचं बटण एम्‌एफ (हातानं फोकस) वर सरकवा. हे विसरलात तर पुढच्या वेळी बटण दाबताच कॅमेरा पुन्हा शोधत सुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आता काठी काढा, बसा, गाठ डोळ्याच्या कोपऱ्याला लावा, दोरा सोडा, मान तशीच ठेवा आणि रिमोट दाबा. कॅमेरा तिरपा बघत असेल तर जवळचा डोळा धरा. दोन्हींत एकच शार्प येणार असेल तर तो जवळचाच हवा.

मान स्थिर राहत नसेल तर समोर टेबल घेऊन दोन्ही कोपर टेकवा, फरक लगेच दिसेल. पंखा बंद. दोरा हलतो, केस हलतात. पंख्याशिवाय इथे उन्हाळ्यात चेहरा पाच मिनिटांत घामानं चमकायला लागतो, म्हणून मी हे काम सकाळी सातच्या सुमारास उरकतो. संक्रांतीच्या दिवसांत तुम्हाला ती अडचण नाही. खिडकीलगत बसा, शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तरी चालेल. थोडे दाणे दिसले तर बिघडत नाही, हललेला डोळा मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

बाराबंदीबद्दल एक. पांढरं कापड फ्रेममध्ये जास्त आलं की कॅमेरा फोटो काळपट करतो, मग कापड राखाडी दिसतं आणि डोळ्यांच्या खोबण्या अंधारतात. कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर (उजेडाचं माप) +१ करून बघा, फक्त कापडावरचा उजेड पूर्ण पांढराफटक होत नाही ना एवढं तपासा.

डोळा ओळखणारा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर दोरा लागत नाही, फोनवरच्या ॲपमधून चेहरा बघत बटण दाबायचं. मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी: पुष्कळ फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला फोकस हलवताच येत नाही, तेव्हा हातभर लांब धरा आणि नंतर कापा.

पहिले तीन फोटो काढले की थांबा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पापणी पूर्ण मोठी करून बघा. छोट्या पडद्यावर सगळंच शार्प वाटतं. फोकस नाकाकडे गेलेला दिसला तर गाठ तशीच ठेवून तुम्ही बोटभर पुढे या, कानाकडे गेला असेल तर मागे सरका. नवा फोटो टाकाल तेव्हा न कापलेला टाका आणि गाठीपर्यंतचं अंतर मोजून लिहा, मी बघून सांगतो.