शब्दाचं मूळ धुंडाळणाऱ्या परभणीकराला

'क्वालिटी'पासून सुरुवात कर. नांदेडच्या कापड दुकानातही रोज कानावर पडणारा हा शब्द मुळात तत्त्वज्ञानाचा, हे सांगूनही कुणाला पटत नाही. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन 'क्वालितास'वरून. इथवर कोणताही बरा कोश नेतो. गंमत पुढं आहे. इ.स.पू. 45 च्या सुमारास रोमन लेखक सिसेरोनं ग्रीक 'पोइओतेस'साठी हा शब्द मुद्दाम घडवला. 'क्वालिस' म्हणजे कसा, त्याला भाववाचक प्रत्यय. आपण 'कसेपणा' म्हणावं तसं. ग्रीक शब्दही घडवलेलाच. प्लेटोच्या 'थिएटेटस' संवादात सॉक्रेटिस तो वापरतो आणि लगेच म्हणतो, हा शब्द तुला चमत्कारिक वाटत असेल. म्हणजे ग्रीकातून लॅटिनमध्ये उच्चार गेलाच नाही, फक्त घडण गेली. असे शब्द आणि जसेच्या तसे उचललेले शब्द वहीत वेगवेगळे ठेव.

कानावर मात्र विसंबू नको. संस्कृत 'देव' आणि लॅटिन 'देउस' सख्खे. ग्रीक 'थेओस'चा अर्थही देवच, पण तो कितीही जवळचा वाटला तरी त्या घरचा नाही. सगळं संस्कृतातूनच काढणारे पंडित आपल्याकडं गल्लोगल्ली भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नको बाबा. कोशात शब्दाआधी तारांकन दिसलं, तर ते रूप कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेतून उभं केलंय, असं समज.

ग्रीक लिपी तेवढी शिकून घे. 24 अक्षरं आहेत, दिवाळीच्या सुट्टीत होऊन जातील.