हिरवं पान थांबत नाही

प्रश्न : चहा लिलावात, सगळ्यांसमोर विकला जातो असं वाचलं. मग बोली चढली की मळ्यातल्या माणसांनाही जास्त पैसे मिळायला हवेत. तरी आसाम, श्रीलंका, केनिया, बांगलादेश इथून बातम्या येतात त्या हलाखीच्या आणि संपाच्या. हे कसं?
– एक वाचक

उत्तर : मी नऊ वर्षं गुवाहाटीत एका दलाल कंपनीत चहा चाखायचं काम केलं. सकाळी टेबलावर कपांची लांब रांग लागलेली असायची. एकेक घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि वहीत त्या लॉटचा अंदाजे भाव लिहायचा. पुढे बोली त्याच्या आसपास लागायची. तेव्हा लिलाव उघड असतो, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण तिथे विकला जातो तो तयार चहा. छोटा शेतकरी विकतो ते हिरवं पान. आणि मळ्यातली मजूर बाई तर पानही विकत नाही, दिवस विकते.

हिरवं पान थांबत नाही. खुडल्यावर काही तासांत कारखान्यात गेलं नाही तर ढिगातच तापतं, लाल पडतं आणि त्याचा धड चहा होत नाही. तयार चहा मात्र गोदामात काही महिने सहज राहतो. ज्याला थांबता येतं तो भाव पाडून मागू शकतो. भारतात आता निम्म्याहून जास्त चहा छोट्या उत्पादकांच्या पानांपासून होतो आणि त्यातल्या बहुतेकांचा स्वतःचा कारखाना नाही. पानांनी भरलेली गाडी फाटकाशी उभी आहे, आत म्हणतात आज पान जाड आहे, ओलं आहे, वजन कापू. अशा वेळी गाडी परत नेऊन तो शेतकरी करणार काय? हिरव्या पानाचा भाव लिलावातल्या सरासरीशी जोडायचं सूत्र आहे, पण फाटकावरच्या त्या दहा मिनिटांत सूत्राचा आधार फारसा मिळत नाही.

केनियानं यावर शोधलेली वाट मला मोलाची वाटते. तिथे केटीडीए या संस्थेतले सहा लाखांवर छोटे शेतकरी कारखान्यांचे भागधारकच आहेत. पानाचे काही पैसे दरमहा मिळतात आणि मोम्बासाच्या लिलावात चहा कसा गेला त्यावरून वर्षाअखेरीचा बोनस ठरतो. मुलांच्या फीपासून घराच्या पत्र्यांपर्यंत सगळं त्या बोनसवर. तो रिफ्ट व्हॅली या मोठ्या दरीच्या पूर्वेकडच्या कारखान्यांत जास्त आणि पश्चिमेकडे कमी निघतो, त्यावरून दर वर्षी संताप होतो. २०२१ मध्ये तिथे लिलावासाठी किलोला २.४३ डॉलर असा किमान भाव बांधला गेला. हेतू चांगला होता. पण खरेदीदारांनी हात आखडता घेतला, न विकलेल्या चहाचे साठे गोदामांत वाढत गेले, आणि साठवून साठवून चहाची चवही मंदावते. नुसता भाव बांधून भागत नाही, घेणाराही लागतो.

आता मजूर. आसामात रोजच्या मजुरीला हाजिरा म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ती २३२ रुपयांवरून २५० झाली. बऱ्याच मळ्यांत दिवसाला २४ किलो पान खुडावं लागतं. साडेचार किलो हिरव्या पानाचा साधारण एक किलो चहा होतो, म्हणजे एका बाईच्या दिवसातून पाच किलोंच्या वर. लिलावात भाव चढो की पडो, हाजिरा तेवढाच. तो वाढतो मागणी, वाटाघाटी आणि संपानं. बांगलादेशात ऑगस्ट २०२२ मध्ये मळे बंद पडले, मजूर ३०० टका मागत होते, १२० चे १७० झाले.

वाटाघाटीला बसायचं तर माणसाला मताचा हक्क हवा, घर हवं. श्रीलंकेत तमिळ मळेकामगारांचं नागरिकत्व १९४८ च्या कायद्यानं गेलं आणि अखेरचा गुंता सुटायला २००३ उजाडलं. दोन-तीन पिढ्या मळ्यातल्या चाळीवजा लाइनच्या खोल्यांत राहून, जगभर जाणारा चहा खुडत, त्या देशाच्या नसलेल्याच राहिल्या. मला हे लिहितानाही राग येतो.

घराचं म्हणाल तर आसामातही ते वर्षानुवर्षं मळ्याचंच राहिलं. १९५१ च्या कायद्यानं मालकावर कामगारांना घर, दवाखाना, पाळणाघर देण्याची जबाबदारी टाकली. ती रद्द व्हावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण घर नोकरीला बांधलेलं राहिलं. एका मळ्यावर नमुने आणायला गेले तेव्हा एक बाई मला ओसरीवर बसवून विचारत होती, लेक दहावी झाली आहे, तिला पुढे शिकवावं का. मी लगेच हो म्हटलं. ती म्हणाली, "बाईदेव (ताई), मळ्याच्या पटावरून माझं नाव कटलं आणि तिचं लागलं नाही, तर ही खोली कुणाची?" मी काहीच बोलू शकले नाही. पुढच्या हंगामात गेले तेव्हा टोपली लेकीच्या पाठीवर होती.