घर कोणासाठी, किती मोठे आणि कुठे?

वाचकांच्या प्रश्नांना नगररचनाकाराची उत्तरे

प्रश्न : नौपाड्यातील आमची सोसायटी १९७४ साली बांधलेली, तळमजला अधिक तीन मजल्यांची आहे. २४ घरांपैकी १४ घरांत आता एक किंवा दोनच ज्येष्ठ माणसे राहतात. मुले घोडबंदर रोडला, पुण्याला किंवा परदेशात आहेत. पुनर्विकासात विकासकाने प्रत्येकाला सध्यापेक्षा मोठे घर देऊ केले आहे. सगळे समाधानी आहेत. पण आम्हा दोघांना एवढे घर कशासाठी, असे मला सारखे वाटते. हे सभेत बोलावे का?
— एक सभासद, नौपाडा, ठाणे

उत्तर : अवश्य बोलावे, आणि इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने लेखी द्यावे. आपल्याला पडलेला प्रश्न आपल्या एका इमारतीपुरता नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांच्या थोडी वर होती. सोयीसाठी १८ लाखच धरू. घरटी सरासरी साडेचार माणसे असतील, तर एवढ्या लोकांना ४ लाख घरे लागतात. तीच सरासरी ३.६ वर आली, तर ५ लाख लागतात. म्हणजे शहरात एकही माणूस नव्याने आला नाही, तरी लाखभर घरांची गरज केवळ कुटुंबे लहान झाल्यामुळे निर्माण होते. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणारी सरासरी मुले, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता, त्यामुळे कुटुंबे लहान होत जाणार हे गृहीतच धरावे लागेल. ही वाढीव घरे लहान हवीत आणि पाणी, मलवाहिनी, शाळा, दवाखाना, स्टेशन जिथे आधीपासून आहे तिथे हवीत. आपण मात्र नेमके उलटे करत आलो आहोत. नौपाड्यासारख्या भागात, जिथून ठाणे स्टेशन, भाजी मंडई आणि १८९३ पासून चालत आलेले मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे, तिथे दोन माणसांसाठी तीन खोल्यांच्या जागी चार खोल्या होतात; आणि त्याच कुटुंबातील तरुण जोडपे, परवडते म्हणून, शहराच्या टोकाला जाऊन रोजच्या वाहतूक कोंडीत भर घालते. आजारपणात आईकडे पोहोचायला लेकीला तास-दीड तास लागावा, ही मला या साऱ्यातली सर्वांत मोठी हानी वाटते.

यावर माझी सूचना अशी की, ज्या सभासदांची इच्छा असेल त्यांना मिळणारे चटईक्षेत्र दोन घरांत विभागून घेण्याचा पर्याय सोसायटीने करारातच ठेवावा. उदाहरणार्थ, कोणाला ७५० चौरस फुटांचा हक्क असेल, तर ४५० चौरस फुटांचे एक आणि ३०० चौरस फुटांचे दुसरे, शक्य तर एकाच मजल्यावर. धाकट्या घरात आज मुलगी-जावई राहतील, उद्या रात्रंदिवस सोबत करणारी सेविका राहील, किंवा ते भाड्याने देऊन महिन्याचा देखभाल खर्च भागेल. मोठ्या घराचा हा खर्च, तो चौरस फुटांवर आकारला जात असेल तर, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला जड जातो, हे मोठ्या घराच्या आनंदात बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही घरांना स्वतंत्र स्वयंपाकघर, वीजमीटर आणि नोंदणी लागेल. मुद्रांक शुल्क व जीएसटीबाबत वकील आणि सनदी लेखापाल यांचे लेखी मत आधी घ्यावे. हा पर्याय नकाशे महापालिकेकडे जाण्यापूर्वीच ठरायला हवा, कारण जिन्याची, लिफ्टची आणि नळवाहिन्यांची जागा एकदा पक्की झाली की घर विभागणे जवळजवळ अशक्य होते.

पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी मानली जाते. तरीही उरलेल्यांमध्ये बहुधा सर्वांत वयस्कर माणसेच असतात, म्हणून त्यांच्या गरजा कागदावर आणा : चाकाची खुर्ची जाईल असे ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, स्ट्रेचर मावेल अशी एक तरी लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडी, आणि कुठेही पाय अडखळेल असा उंबरठा नको. उंबरठ्याशी आपल्या किती भावना जोडलेल्या आहेत हे मी जाणतो. पण सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडण्याचे दुःख मी जवळून पाहिले आहे.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या अहवालात इमारत दुरुस्तीने टिकेल असे आले, तर बाहेरून लिफ्ट जोडून दुरुस्ती करण्याचा पर्यायही सभेपुढे ठेवावा, कारण उभ्या इमारतीतले सिमेंट आणि पोलाद वापरात राहणे हीच पर्यावरणाची सर्वांत स्वस्त बचत असते.

प्रश्न : कोपरखैरण्यात आमचे सिडकोचे बैठे घर आहे. दोन्ही मुलांची लग्ने झाली, म्हणून वर मजले चढवायचे आहेत. आमच्या ओळीत बहुतेकांनी तसे केले आणि आता खालच्या खोल्यांत दिवसाही दिवा लागतो. कमी जागेत जास्त माणसे म्हणजे अंधारच का?
— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. सीबीडी बेलापूरचे आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात रचली. ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, सात घरांमध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक, असे तीन गट मिळून एक मोठा चौक, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे प्रत्येकाला आपले घर गरजेप्रमाणे वाढवता यावे. उंच इमारत न बांधता हेक्टरी सुमारे ५०० माणसांची वस्ती तिथे योजली होती. पुढे अनेकांनी जुनी घरे पाडून मजले चढवले. तरीही चौक मोकळे असल्यामुळे उजेड आणि वारा आत येण्याची वाट राहिली. दाटी सुसह्य होते ती अशा न बांधलेल्या जागेमुळे.

आपल्या ओळीत चौक नाही, म्हणून तो घराच्या आत काढावा लागेल. मागच्या बाजूला निदान दीड-दोन मीटरची जागा तळापासून गच्चीपर्यंत मोकळी ठेवा आणि जिना तिच्याकडेने न्या. तिच्यावर पत्रा घालून खोली करण्याचा मोह पहिल्याच पावसाळ्यात होईल, तो टाळावा. शेजारच्या दोन घरांनीही हीच जागा सोडली, तर तिघांनाही वारा मिळेल, म्हणून बांधकामापूर्वी त्यांच्याशी बोला. महापालिकेची परवानगी आणि पायाची तपासणी यांशिवाय एकही वीट चढवू नका. एका मजल्याचा पाया तीन मजले पेलेलच असे नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडवर नवे बांधकाम सरसकट थांबवावे, असे आपल्याला वाटत नाही का?
— एक वाचिका, कासारवडवली

उत्तर : सरसकट बंदीने घरे आणखी महागतील आणि वस्ती भिवंडी-कल्याणच्या पलीकडे सरकेल. मात्र एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या या चिंचोळ्या पट्ट्यात परवानगी पाण्याच्या हिशोबाने मिळावी, हा आपला आग्रह योग्यच आहे. माणशी रोज १३५ लिटर आणि घरटी ५ माणसे धरली, तर ४०० घरांच्या एका संकुलाला दिवसाला २ लाख ७० हजार लिटर पाणी लागते. आपल्या भागात असा प्रकल्प येत असेल, तर हे पाणी कोणत्या योजनेतून आणि कोणत्या वर्षापासून मिळणार, आणि किती घरे लहान, म्हणजे ३० ते ६० चौरस मीटरची आहेत, हे दोन प्रश्न माहिती अधिकाराखाली महापालिकेला विचारा. उत्तर आले की ते या सदराकडे पाठवा. आपण ते वाचकांपुढे ठेवू.