टर्बो घ्यायचीय? आधी ऑइलची बिलं मागा

प्रश्न : मी वाईत राहते आणि साताऱ्यातल्या कॉलेजात शिकवते. रोजचं जाणं-येणं सत्तर किलोमीटरच्या आसपास. शिवाय महिन्यातून एकदा-दोनदा पुणे आणि सासर पाचगणीला, त्यामुळे पसरणी घाट चुकत नाही. आताची गाडी आठशे सीसीची. चौघं बसलो की घाटात ए.सी. बंद करावा लागतो. बजेट सहा लाखांपर्यंत. दोन गाड्या समोर आहेत. पुण्याच्या एका डीलरकडे २०१८ ची पोलो जीटी टीएसआय, ५८ हजार किलोमीटर, दुसऱ्या मालकाची, सहा लाख दहा हजार सांगतोय. दुसरी साताऱ्यातच ओळखीतून, २०१८ ची बलेनो आरएस, ७१ हजार किलोमीटर, एकहाती, पाच लाख चाळीस. आमचे हे म्हणतात, टर्बो म्हणजे खर्चाचं घर. भाचा म्हणतो, पोलो सोडलीस तर बोलणार नाही. काय करू?
— एक प्राध्यापिका, वाई

उत्तर : ताई, तुमच्या ह्यांचं निम्मं खरं आहे. टर्बोमुळे खर्च होत नाही, टर्बोवर केलेल्या कंजुषीमुळे होतो. आणि ती कंजुषी आधीच्या मालकाची असते, बिल तुमच्या नावावर फाटतं.

गेल्या महिन्यात एका गाडीचा टर्बो खोलला तेव्हा समोर काय होतं ते सांगतो. टर्बो म्हणजे एक दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एका पंख्याला सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर फिरवतो, दुसरा पंखा त्याच जोरावर बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. छोट्या पेट्रोल इंजिनात हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला साधं बेअरिंग पुरत नाही. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल जुनं, काळं, घट्ट झालं की थर तुटतो. माझ्या टेबलावरच्या त्या टर्बोचा दांडा बोटांनी धरून हलवला तर चक्क खुळखुळत होता आणि पंख्याच्या पात्यांची टोकं घराला घासून चमकत होती. गाडी फक्त ४९ हजार चाललेली. सर्व्हिसच्या फाइलमध्ये सलग दोन वर्षं एकही बिल नाही. दुसऱ्या बाजूला, लाखावर चाललेल्या आणि टर्बोला हातही न लागलेल्या गाड्या माझ्याकडे नेमाने येतात. म्हणून मीटरवरचा आकडा मी दुसऱ्या नंबरला बघतो. पहिली फाइल.

आता तुमच्या दोन गाड्या.

२०१८ ची पोलो जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद. इंजिन झकास आहे, भाच्याची चूक नाही. ही गाडी आपल्या चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली, आणि चाहते अजून हळहळतात. पण त्या वर्षीच्या जीटी टीएसआयला मॅन्युअल गिअर मिळतच नव्हता. सात गिअरचा डीएसजी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तोही ड्राय क्लचचा. आत दोन क्लच, दोन्ही कोरडे, ऑइलमध्ये बुडालेले नाहीत. मोकळ्या रस्त्यावर असा गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो. त्याचा जीव जातो तो सरपटण्यात. रविवारी संध्याकाळी पसरणी घाटात पाचगणीहून परतणाऱ्यांची रांग लागते, ती आठवा. तुम्ही त्याच वेळी वर निघालात आणि समोर बस अडकली, तर दहा फूट पुढे, थांबा, दहा फूट पुढे. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारे महाभाग तर क्लच अक्षरशः भाजतात. क्लचचं काम निघालं तर खिशाला चाट, आणि मेकॅट्रॉनिक नावाचा जो कंट्रोलचा भाग आहे तो गेला तर बिल लाखाच्या वर जातं. पुण्यात दुसऱ्या हातात असलेली ही गाडी कुठल्या ट्रॅफिकमध्ये सात वर्षं सरपटली, हे डीलर सांगणार नाही.

आणखी एक. जीटी टीएसआय घेणाऱ्यांत हौशी मंडळी फार. पुष्कळांनी ईसीयू रिमॅप केलेला असतो, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली असते. विकताना पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकतात, पण टर्बो, क्लच आणि इंजिनने सोसलेलं पुसता येत नाही. एअर फिल्टर बाहेरचा आहे का, सायलेन्सर कापून परत जोडलेला दिसतो का, हे गाडी रॅम्पवर चढवून बघायला सांगा. गाडी रॅम्पवर चढवू देत नसेल तर तिथला चहा पिऊन घरी या.

बलेनो आरएस तुलनेत गरीब घरची वाटेल. २०१७ मध्ये आली, फार खपली नाही, २०२० च्या सुमारास बंद झाली. एक लिटरचं टर्बो इंजिन, तीन सिलिंडर, १०२ पीएस, पाच गिअरचं मॅन्युअल, मागेही डिस्क ब्रेक. वजन ९५० किलोच्या आसपास, म्हणून पळते चांगली. मागच्या सीटवर माणसं नीट बसतात, पोलोत गुडघे पोटात येतात. क्लच गेला तर साताऱ्यात कुठलाही चांगला फिटर बदलून देईल. पार्ट्सची काळजी करू नका. त्याच कुळातलं इंजिन २०२३ पासून फ्राँक्समध्ये येतंय.

माझं मत सरळ आहे. फाइल चोख निघाली तर बलेनो आरएस घ्या. ७१ हजाराला घाबरू नका. एकाच मालकाने, एकाच गावात, हायवेवर चालवलेले ७१ हजार मला ५८ हजार पुणेरी किलोमीटरपेक्षा बरे वाटतात. भाच्याची समजूत घालायचीच असेल तर २०२० नंतरची एक लिटर टीएसआयची पोलो शोधा. तिला सहा गिअरचं मॅन्युअल होतं, आणि ऑटोमॅटिक हवीच असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारी. ट्रॅफिक आणि घाट दोन्ही ती निमूट सोसते. इंजिन अजून टायगुन आणि व्हर्टसमध्ये चालू आहे. फक्त बजेट वाढवावं लागेल.

तुमचा रस्ता टर्बोला मानवणारा आहे, हेही सांगून ठेवतो. पाचवडला हायवे लागेपर्यंत इंजिन तापतं, मग अर्धा-पाऊण तास नीट चालतं. याच्या उलट उदाहरण आमच्या गावातल्या एका डॉक्टरांचं. घर ते दवाखाना दीड किलोमीटर, दिवसातून चार फेऱ्या. इंजिन कधी तापतच नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या या इंजिनांत थंडपणी थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते ती वेगळी, कारण पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, धुणार कोण? त्यांना मी साधी गाडी घ्या म्हणून सांगितलं. ऐकलं नाही, तो भाग निराळा.

आता बघायला कधी जायचं? सकाळी. आणि विकणाऱ्याला आधीच बजावा, की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, थंडपणी काहीतरी वाजतंय आणि ते तुम्हाला ऐकू येऊ नये अशी इच्छा आहे. गाडी सुरू करताना एकाला मागे उभं करा. सुरुवातीचा पांढरा वाफारा थंडीत चालतो. निळसर धूर चालत नाही.

मग पसरणी घाटात घ्या, चौघं बसून, ए.सी. लावून. तिसऱ्या गिअरला, अठराशे-दोन हजार आरपीएमपासून (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) पाय दाबा. टर्बो भरला की पाठीत हलकासा ढकलल्यासारखं वाटलं पाहिजे. तसं न होता गाडी नुसतीच ओरडत असेल, किंवा जोरात चिरकी शिट्टी येत असेल, तर हवेचा पाइप फुटलाय किंवा टर्बो थकलाय. वर पोचल्यावर दोन मिनिटं गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवा आणि मग एकदम रेस करा. मागून निळ्या धुराचा लोट आला तर ऑइल कुठून तरी गळून जळतंय. टर्बोचं सील असेल किंवा व्हॉल्व्हचं, शोधत बसू नका, परत फिरा.

स्कॅनर लावून बघायला शे-पाचशे लागतात, ते लावाच. एरर कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही कळतं. माझ्याकडेच आणा असं म्हणत नाही, पण ज्याच्याकडून विकत घेताय त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊ नका.

पुराची गाडी ओळखायला शिका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैत चिपळूण. त्यातल्या गाड्या पॉलिश होऊन कुठे-कुठे विकल्या गेल्या असतील, देव जाणे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटखालच्या रेल्सचा गंज बघा. डिकीत स्टेपनी उचला, तिच्या खड्ड्यात गाळ बसलेला असतो, तो धुवायचं लोक विसरतात.

फाइलमध्ये काय बघायचं? दर वर्षी निदान एक बिल, त्यावर किलोमीटर, आणि ऑइलचं नाव व ग्रेड. 'इंजिन ऑइल' एवढंच लिहिलंय आणि रक्कम संशयास्पद कमी, तर ते साधं ऑइल असणार. टर्बोला फुल्ली सिंथेटिकच. किलोमीटरचे आकडे वर्षागणिक चढत जातात का तेही बघा. एखाद्या वर्षी ६२ हजार आणि पुढच्या वर्षी ४८ हजार असं दिसलं तर मीटर मारलाय. एकहाती गाडीच्या मालकाला आणखी एक विचारा : घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करता की थोडी चालू ठेवता? 'अर्धा-एक मिनिट ठेवतो' म्हणाला तर त्याने गाडी समजून वापरलीय. लाल झालेला टर्बो ऑइलचा पुरवठा बंद झाल्यावर तसाच तापत राहतो आणि आतलं ऑइल जळून कोळसा होतं. हे पुढे तुम्हीही पाळा. आणि घाटात चौथ्या गिअरला गाडी घुरघुरत ओढू नका. कमी आरपीएमवर जास्त दाब दिला की ठोके पडतात, पिस्टनचं नुकसान होतं. गिअर खाली घ्या, पेट्रोल थोडं जास्त गेलं तर जाऊ दे.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवायचा. थकलेले ई-चलान विकणाऱ्याने भरायचे. नावबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन कोरे कागद एजंटच्या खणात ठेवू नका, नाव लगेच बदलून घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून तेवढी रक्कम वरून भरावी लागते.

शेवटी पैशांचं. पाच चाळीस सांगितलेत तर पाच वीसपासून बोलायला सुरुवात करा, आणि गाडी घेतल्याबरोबर चाळीस हजार बाजूला ठेवा. ऑइल, कुलंट, स्पार्क प्लग, फिल्टर, बॅटरी आणि बहुतेक दोन टायर. आधीच्या माणसाने कालच ऑइल बदललंय असं सांगितलं तरी बदला. अॅव्हरेजबद्दल तुम्ही विचारलं नाही, बरं केलंत. जाहिरातीत बलेनो आरएसचा आकडा २१ च्या वर होता. हायवेला हलका पाय ठेवलात तर सोळा-सतरा धरा, आणि टर्बोची मजा घेतलीत तर त्याहून कमी.

प्रश्न : वाकड ते हिंजवडी रोजचा प्रवास. २०२१ ची आय-ट्वेंटी टर्बो डीसीटी मिळतेय. घेऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. १२० पीएसची गाडी हिंजवडीच्या चौकात पहिल्या गिअरमध्येच म्हातारी होईल, आणि डीसीटी म्हणजे वर सांगितलेल्या डीएसजीसारखाच दोन क्लचचा ऑटोमॅटिक. त्याच गाडीचं टर्बो नसलेलं १.२ इंजिन घ्या. ऑटोमॅटिक हवी तर त्याला आयव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स मिळायचा, तो तुमच्या ट्रॅफिकला बरा. शनिवारी लोणावळ्याला जाताना टर्बोची आठवण येईल, पण आठवड्याचे पाच दिवस सुटका आहे.

प्रश्न : माझी २०२१ ची अल्ट्रोझ आयटर्बो आहे, सेकंड हँड घेतली. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. टर्बोला धोका आहे का?
— एक शेतकरी वाचक, लातूर

उत्तर : टर्बोला स्वतःला नाही. इथेनॉल ठोके कमी करतं, आणि तुमच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न मारता व्हॉल्व्हच्या आधी मारलं जातं, म्हणून काजळीचाही त्रास कमी. काळजी रबराची. २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे पाइप आणि सील ई-२० डोळ्यांसमोर ठेवून केलेले नव्हते. दर सर्व्हिसला इंधनाच्या पाइपांना तडे गेलेत का ते मिस्त्रीला बघायला लावा, पेट्रोलचा वास आला तर टाळू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका. अॅव्हरेज थोडं उतरेल, तो टर्बोचा दोष समजून गाडी विकू नका. दुसऱ्या हातातली आहे म्हणता, तर सर्व्हिसची फाइल मिळाली होती का? नसेल तर आधी ऑइल बदला, मग पेट्रोलचं बघू.