फक्त विज्ञानकथा लिहून करिअर होतं का, की शेवटी कादंबरीकडे वळावंच लागतं?

करिअर होतं. पण घर चालवायची जबाबदारी त्या कथांवर टाकू नका, हे मी अगदी कळकळीने सांगेन.

इंग्रजीत व्यावसायिक विज्ञानकथेचा किमान दर शब्दाला ८ अमेरिकी सेंट धरला जातो. म्हणजे ५,००० शब्दांच्या कथेचे ४०० डॉलर. तेही ती स्वीकारली गेली तर. चांगल्या कथाही अनेकदा आधी दोन-चार ठिकाणांहून साभार परत आलेल्या असतात.

अमेरिकी विज्ञानकथाकार टेड चियांगकडे बघा. १९९० मध्ये त्याची पहिली कथा छापून आली आणि तिलाच नेब्युला हा विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. त्यानंतर पहिला संग्रह आला तो २००२ मध्ये, त्यात कथा अवघ्या आठ! कादंबरी आजवर एकही नाही. पोटापाण्यासाठी तो टेक्निकल रायटरचं, म्हणजे तांत्रिक माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम करत राहिला. २००३ मध्ये तर त्याने ह्युगो या विज्ञानकथांच्याच दुसऱ्या मोठ्या पुरस्काराचं एका कथेला मिळालेलं नामांकन नाकारलं, कारण संपादनाच्या घाईत ती हवी तशी उतरली नाही असं त्याला वाटत होतं. घरभाडं कथांमधून भरणाऱ्याला हे परवडलं नसतं.

विज्ञानकथेला हा सावकाशपणा लागतोच. कादंबरीकार एक जग उभारतो आणि चारशे पानं त्यात राहतो. कथाकाराला दर वेळी नवी कल्पना, नवे नियम, त्या नियमांचे माणसांवर होणारे परिणाम हे सगळं शोधावं लागतं, आणि वीस पानांत ते संपतं. मला तर हा प्रकार कादंबरीपेक्षा अवघड वाटतो, म्हणूनच इतका आवडतो. त्यामुळे केवळ पैशासाठी कादंबरीकडे वळू नका. कल्पनाच मोठी असेल तर वळा.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्रातलं संशोधन सांभाळूनच कथा लिहिल्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, आणि ती पहिली आली.

कथा विकताना करार मात्र नीट वाचा. पहिल्या प्रकाशनाचे हक्क ठरावीक मुदतीसाठी द्या. संग्रह, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क स्वतःकडेच ठेवा. चियांगच्या १९९८ मधल्या कथेवर चित्रपट आला तो २०१६ मध्ये.