दुसरं गिऱ्हाईक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गावची गरिबी हटवायला अनुदान वाढवावं, असं तू लिहिलंयस. अडल्यानडल्याला मदत मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण मी लहानपणी पाहिलंय ते सांगतो.

आमची तंबाखूची शेती, निपाणीजवळ. वर्षभर राबून झालेला माल वडील बैलगाडीतनं वखारीत न्यायचे. व्यापारी पान चुरगाळायचा, नाकाशी धरायचा आणि एक आकडा सांगायचा. वडील गप्प. माल परत न्यावा तर कुठं? त्याचीच उचल डोक्यावर. वडील आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. त्यांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेला शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. घामाचे दाम मागत होती रे ती!

उसाचंही तसंच. दोन साखर कारखान्यांत निदान 15 किलोमीटर हवाई अंतर हवं, असा केंद्राचा नियम. म्हणजे शेजारी दुसरा खरेदीदार उभाच राहायला नको. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली आणि शेतकरी चिडल्यावर काही दिवसांत मागं घेतली. आपण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची माणसं. पलीकडच्या कारखान्यानं टनाला चार रुपये जास्त दिले, की अलीकडचाही भाव चढवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घेऊन बसलो तेव्हा मीही तेच केलं. एकाच कंपनीचं काम. तिनं चार महिने बिल थकवलं, तुझ्या काकूच्या पाटल्या गहाण पडल्या. मग सायकलवर नमुने घेऊन दारोदार फिरलो. आज अकरा घरांचा पगार या शेडमधनं जातो.

तुझ्या हातात टर्निंगचं कसब आहे. मशीन घेण्याआधी तीन गिऱ्हाइकं बघ, एकाकडंच निम्म्याहून जास्त काम ठेवू नकोस. लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, फुकट होते, ती आधी कर. नोंदणी असली की 45 दिवसांत पैसे मागायचा कायद्यानं हक्क मिळतो. हिशेबाची वही रोज लिही, झोप आली तरी.

रविवारी शेडवर ये. लेथचं कोटेशन आण, त्याचा बेड, म्हणजे खालचा पाया, घासलाय का तेही आपण जाऊन बघू.

तुझा,
काका